बालगृहाची टीम पहिल्यांदाच हाती आली असेल तर

मी अधीक्षक म्हणून रुजू झाले तो मे महिना होता. एका दुपारीत चाव्यांचा जुडगा, फायलींचं कपाट आणि बेचाळीस मुलं ताब्यात आली. आधीच्या सरांनी जाता जाता सांगितलं, "पोरं चांगली आहेत. चारपाच वात्रट आहेत, त्यांना धाकात ठेवा म्हणजे झालं." पुढे त्या चारपाच जणांच्या फायली नीट वाचल्या. त्यांतला एक भुसावळ स्टेशनावर सापडला होता आणि त्याआधीची दोन वर्षं कुठे काढली हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याने घरात जे पाहिलं होतं ते मला इथे लिहवत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बालगृह, निवारागृह किंवा संस्थेचं वसतिगृह सांभाळायची वेळ ज्यांच्यावर नव्याने आलीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रशिक्षणांमध्ये 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर' हा शब्द सतत कानावर पडेल. अर्थ साधा आहे. ज्या मुलाच्या वाट्याला मारहाण, अत्याचार, उपासमार किंवा टाकून दिलं जाणं आलंय, त्याचं शरीर धोका टळल्यावरही धोक्यातच राहतं. डोक्यातला भोंगा बंद होत नाही. मग ते मूल लढतं, पळतं किंवा गोठून जातं. लढणाऱ्याला आपण गुंड म्हणतो, पळणाऱ्याला बिलंदर म्हणतो आणि गोठलेल्याला शहाणं बाळ म्हणतो. फसगत होते ती बहुतेक तिसऱ्याच्या बाबतीत.

उपचार करणं समुपदेशकाचं आणि डॉक्टरचं काम. तुमच्याकडे आलंय ते मोठ्या माणसांचं काम: मुलाच्या अवतीभवतीची माणसं शांत राहतील, वेळ पाळतील आणि दिलेला शब्द मोडणार नाहीत हे बघणं. पोरांपेक्षा हेच अवघड जातं.

१. पहिले पंधरा दिवस काही बदलू नका, रात्री फिरा

नवा माणूस आला की वेळापत्रक बदलतो, भिंतींना रंग देतो. थांबा. वही घ्या आणि रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत तीन वेळा तरी इमारतीत फिरा. मला जे दिसलं ते असं: वॉचमनकाका दर तासाला बॅटरीचा झोत थेट मुलांच्या तोंडावर टाकून मोजणी करत होते. मुलींच्या संडासाची आतली कडी तुटलेली होती. पहाटे उठवायला रुळाचा तुकडा हातोडीने बडवत होते. आणि लाईट गेली की दालनाच्या एका कोपऱ्यातून हमखास रडणं सुरू व्हायचं, रोज त्याच कोपऱ्यातून.

एक कडी, चार्जिंगचे दोन दिवे, बॅटरीचा झोत जमिनीकडे ठेवण्याची सूचना आणि रुळाऐवजी हाक मारून उठवणं. दीड-दोन हजारांत काम झालं, आणि तोवरच्या कुठल्याही समुपदेशनापेक्षा त्याने जास्त फरक पडला असं माझं मत आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, मुलं अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतात. ज्याच्यावर रात्रीचा प्रसंग गुदरलाय त्याला उघड्यावर झोप लागत नाही. कुणाला भिंतीला पाठ लावून, कुणाला दाराजवळ, कुणाला दिव्याखाली झोपायचं असतं. जागा त्यांना निवडू द्या आणि एकदा निवडली की ती हलवू नका.

२. पगारपत्रकावर जेवढी नावं, तेवढी टीम

माझी पहिली मोठी चूक इथली. समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ती यांना मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. स्वयंपाकीण मावशी, वॉचमन आणि ड्रायव्हर यांना कोणी विचारलंच नाही. महिनाभरात एका आठ वर्षांच्या मुलाच्या उशीखाली वाळलेल्या भाकरी सापडल्या. मावशींनी सगळ्यांसमोर उशी झटकली, "अन्नाची नासाडी करतोस?" म्हणून ओरडल्या. त्याने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही.

मावशींचं काय चुकलं? उपाशी राहिलेलं मूल अन्न लपवतं, हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर तोडगा त्यांनीच काढला. स्वयंपाकघराच्या दाराशी झाकणाचा डबा, त्यात कळण्याची भाकरी, गूळ, शेंगदाणे. कधीही घ्या, विचारायचं नाही. दीड महिन्यात उशीखालचा साठा बंद झाला. डबा आजही आहे.

म्हणून पहिलं प्रशिक्षण सगळ्यांचं एकत्र, जमिनीवर बसून, बोलीत घ्या. पडद्यावरची चित्रफीत नको, आपल्याच घरातले प्रसंग घ्या. आमचे चार नियम तिथेच ठरले:

- जेवण शिक्षा म्हणून कधीही तोडायचं नाही.
- मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं.
- आईबापावरून टोमणा मारायचा नाही, बाप कसाही असो.
- जमणार नसेल ते कबूल करायचं नाही. "बघू" सुद्धा म्हणायचं नाही, मुलं त्याचा अर्थ "हो" असाच धरतात.

आता भाषा. आपल्याकडे ही बाब वरवरची नाही. जिल्ह्याच्या गावात बैठका प्रमाण मराठीत होतात, पण मूल रडतं ते अहिराणीत, पावरीत, भिलीत, मावचीत, तावडीत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलाला "बाळा, तुला आता कसं वाटतंय?" हे वाक्य सरकारी वाटतं. 'अस्वस्थ', 'निराश' हे शब्द त्याच्याकडे नसतात. अहिराणी बोलणारं मूल "पोट दुखस" एवढंच म्हणतं आणि आपण ओव्याची पूड देतो. एका कागदावर दोन रकाने करा: कोणत्या मुलाची घरची बोली कोणती, आणि कर्मचाऱ्यांपैकी ती कोणाला येते. आमच्याकडे पावरी येणारा एकमेव माणूस ड्रायव्हर निघाला. त्याला सहा महिने आम्ही फक्त गाडीवर वाया घालवलं होतं.

एक सापळा: मोठ्या मुलाला दुभाषी बनवू नका. एकाचं दुःख दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर जातं आणि रात्री दालनभर पसरतं.

३. मूल येतं तो पहिला दिवस

कायद्यानुसार, सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे (मुलाने कुठे राहायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) हजर करायचं असतं. त्यामुळे घाई होते, आणि त्या घाईत सगळा गोंधळ होतो. मूल बहुधा रात्री, पोलिसांच्या गाडीतून, उपाशी येतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला पहिल्या दोन तासांत पाच जणांनी तेच विचारलं: हवालदार, मी, सामाजिक कार्यकर्ती, नर्सताई आणि शेवटी कुतूहलापोटी एक काळजीवाहक. पाचव्यांदा तिने वेगळंच काहीतरी सांगितलं. मग फायलीत शेरा पडला, "बालिका विसंगत माहिती देते."

क्रम असा ठेवा: पाणी, जेवण, संडास कुठे आहे ते दाखवणं, झोपायची जागा. कागद त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन क्रियापदांत बसतो: पाहा, ऐका, जोडून द्या. खोदून काढा असं त्यात कुठेच नाही.

एकच व्यक्ती त्या मुलाची ठरवा, तिचं नाव मुलाला सांगा आणि पहिले तीन दिवस तिची ड्युटी बदलू नका. उद्या काय होणार ते सांगा: "सकाळी चहा, मग गाडीने समितीच्या ऑफिसात जाऊ, मी तुझ्यासोबत असेन, दुपारी परत इथेच येऊ." परत येण्याची खात्री नसेल तर ते वाक्य गाळा.

तीन गोष्टी करू नका. उवा आहेत म्हणून पहिल्याच दिवशी डोकं भादरू नका, औषध आणि फणी आहे. अंगावरचे कपडे फेकू किंवा जाळू नका. धुवायच्या आधीही विचारा, त्याला घरचा वास असतो. आणि गळ्यातला ताईत, मनगटाचा दोरा कापू नका. भगताने बांधलेला दोरा तुम्हाला अंधश्रद्धा वाटेल, मलाही वाटते. पण त्या रात्री मुलाजवळ ओळखीचं तेवढंच उरलेलं असतं.

४. "काय व्हयनं?" हे मुलाला विचारायचं नाही

"याचं काय बिघडलंय" असं न म्हणता "याला काय व्हयनं" (याला काय झालं) असं विचारा, असं प्रशिक्षणात शिकवतात. बरोबरच आहे. पण तो प्रश्न आपल्या बैठकीत, आपण एकमेकांना विचारायचा. मुलासमोर बसून विचारला की ती उलटतपासणी होते.

मुलं बोलतात ती हात कामात असताना. लसूण सोलताना, भरताची वांगी भाजताना, सायकलचं पंक्चर काढताना. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की बोलणं आटतं. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारं माणूस बहुतेक वेळा समुपदेशक नसतंच, मावशी असतात. म्हणून हे सगळ्यांना पाठ हवं:

हातातलं काम चालू ठेवा, चेहरा शांत ठेवा. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही." एवढं पुरे. "कधी? किती वेळा? तू ओरडली का नाहीस?" हे प्रश्न नकोत. "कोणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच नको, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याच हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. "संस्थेचं नाव जाईल" म्हणणारा विश्वस्त भेटला तर हे कलम त्याच्या हातात द्या.

मुलाला म्हणायचं ते असं: "हे मी एकटीने सांभाळण्यासारखं नाही. मला अमक्या मॅडमना सांगावं लागेल. त्या काय करतील ते तुला आधी सांगू." मग त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत, बोलीतच लिहून ठेवा. त्याचं शुद्ध मराठी करू नका.

पुढचे हक्क तुम्हाला माहीत नसतील तर ठाण्यातही कुणी आपणहून सांगेलच असं नाही. जबाब मुलाच्या राहत्या किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घेता येतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. भाषा कळत नसेल तर दुभाषी मागता येतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, विश्वासातलं माणूस सोबत असताना. तातडीच्या उपचारासाठी दवाखाना आधी पोलिसांचं पत्र मागू शकत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, ज्याला सगळे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून 'एकशे चौसष्ट' म्हणतात, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. तपास आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला सहायक व्यक्ती नेमण्याची मागणी समितीकडे करा. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

एक प्रकार आपल्या भागात वारंवार येतो: सतरा वर्षांची, पळून जाऊन लग्न केलेली, कधी गरोदर. अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही, म्हणून गुन्हा दाखल होतो आणि ती आपल्याकडे येते. तिच्या लेखी अत्याचार करणारे आपणच. तिला 'पीडिता' म्हणून कुरवाळायला गेलात तर ती थुंकेल. तिला तारखा सांगा, कागद दाखवा, तिचे प्रश्न समितीपुढे तिच्याच तोंडून मांडू द्या. तिचा राग गिळायला टीमला शिकवणं ही तुमची जबाबदारी.

५. भडका उडाला की

पहिल्यांदा बाकीची मुलं बाजूला, मग मोठ्यांपैकी एकच माणूस जवळ. बाकीचे मोठे लांब. आवाज खाली, बसून, दाराची वाट न अडवता. वाट अडवली की मूल अंगावर येणार हे धरून चाला.

"डोळे मिट, दीर्घ श्वास घे" हा सल्ला सगळीकडे देतात. डोळे मिटले की काही मुलांना तेच सगळं पुन्हा दिसतं. त्यापेक्षा माठातलं गार पाणी मनगटावर, अनवाणी पाय फरशीवर, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं. आमचा एक मुलगा खलबत्त्यात ठेचा कुटायला बसला की अर्ध्या तासात निवळायचा. आम्हाला ठेचा जरा जास्तच खावा लागला.

मारणं, कोंडणं, उन्हात उभं करणं यांतलं काहीच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ८२ संस्थेतल्या शारीरिक शिक्षेला पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आणि पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मुलाने घरी जे भोगलं तेच आपण त्याला पुन्हा देतो. नुकसानीची भरपाई मात्र असावी. तावदान फोडलं तर शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, काका आणि तो मिळून नवं बसवतील.

अंग वाकडं होऊन पडलं तर "अंगात आलं" किंवा "नाटक करतोय" दोन्ही म्हणू नका. ती फिट असू शकते, आघाताने मन निसटणंही असू शकतं. ठरवणार डॉक्टर. स्वतःला इजा, मरणाचं बोलणं, बरेच दिवस झोप नाही, कानात आवाज येणं यांपैकी काहीही असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात त्याच दिवशी न्या.

६. कागद आणि नंबर

- नोंदणी प्रमाणपत्र, मुदत संपायची तारीख भिंतीवर लिहून.
- प्रत्येक मुलासाठी बालकल्याण समितीचा आदेश.
- सामाजिक तपासणी अहवाल. मुदत पंधरा दिवस. अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा यासाठी ती आहे.
- वैयक्तिक काळजी आराखडा, नमुना ७. सगळ्यांच्या फायलीत तेच चार ओळींचं 'कॉपी-पेस्ट' दिसलं तर समजा, तो कोणी मुलाशी बोलून भरलेला नाही.
- आरोग्य पत्रिका. समुपदेशनाच्या नोंदी वेगळ्या कपाटात, कुलपात.
- घटना नोंदवही: काय झालं याबरोबर त्याआधी काय झालं होतं हा रकाना हवाच.
- सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, बदलीवर आलेल्या स्वयंपाक्याचीसुद्धा.
- नंबर: १०९८ मुलांसाठी, ११२ तातडीला, १४४१६ टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन). समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालय यांचे मोबाइल नंबर हाताने लिहून.

शिकायचं असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'संवाद' उपक्रमाचं साहित्य आणि प्रशिक्षण बघा, आपल्या परिस्थितीला धरून आहे.

वाढदिवसाचा केक घेऊन येणारे दाते हा वेगळाच विषय. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे फोटो नाही म्हणजे नाही. पाठमोरा, चेहरा पुसट, तोही नाही. देणगी जाईल ही भीती मला होती. दोन दाते गेले, बाकीचे धान्य देऊन जातात.

७. टीम फाटायला लागते तेव्हा

रोज ऐकून माणसं थकतात. कुणाला मुलांचीच स्वप्नं पडतात, कुणी घरी स्वतःच्या लेकरावर हात उगारतं, कुणी चेष्टा करायला लागतं: "ही पोरं कुठे सुधारणार?" हे वाक्य ऐकलं की मी आता रागवत नाही, रजेचा अर्ज पुढे करते.

पंधरा दिवसांतून एक तास प्रत्येकाशी एकट्याने बसा. त्यात कामाचा हिशेब नको. कोणतं मूल डोक्यातून जात नाही, एवढंच विचारा. त्या वेळी फोन बाहेर ठेवा, चहा मात्र हवाच. अनुदान अडकलं आणि पगार थकला की या गप्पा पोकळ होतात हेही खरं. पैसे कधी येतील याची खोटी तारीख सांगू नका. दिलेला शब्द कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

कोणी नोकरी सोडतंय तर मुलांना आधी सांगा. आमची समुपदेशक एका शनिवारी गेली. मी मुलांना "सुट्टीवर गेलीय" म्हणाले, मला धीर झाला नाही. तीन आठवडे लहान मुलं अंथरूण ओलं करत होती आणि एक मुलगी रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची. आता आठ दिवस आधी सांगतो, शेवटच्या दिवशी जाणारं माणूस सगळ्यांसोबत जेवतं आणि दिवसाउजेडी, सर्वांच्या डोळ्यांदेखत निघतं.

८. सण, हंगाम, घर

गृहभेटींचं वेळापत्रक सरकारी वर्षावर लावू नका. सातपुड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात. जानेवारीत गेलात तर दाराला कुलूप आणि अहवालात "पालक आढळून आले नाहीत." भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळीच्या दिवसांत जा, माणसं भेटतात.

सण जवळ आले की मुलं बिघडल्यासारखी दिसतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावभर झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात. आपल्या मुली खिडकीतून ते बघत असतात. आधीच्या आठवड्यात भांडणं वाढणार हे टीमला सांगून ठेवा आणि अंगणात झोका बांधा.

घरी सोडायचं तर समितीच्या आदेशाने. लग्न, परीक्षा, मृत्यू, आजारपण अशा कारणांसाठी एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत रजा मिळते. जाताना तारीख मुलाच्या हातावर लिहा, कोण घ्यायला येणार ते सांगा. परत आल्यावर "मजा आली का?" नको. ताट वाढा. जागा तीच असू द्या. एका वर्षी नवा मुलगा आला म्हणून आम्ही रजेवर गेलेल्याची गादी त्याला दिली. परतलेला मुलगा ती रात्र दालनाच्या दारात बसून राहिला, आत आलाच नाही. तेव्हापासून रजेवर गेलेल्याच्या गादीला त्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असते, आणि अचानक येणाऱ्यासाठी कोठीत दोन गाद्या जादा.